भुई घुमली

हायाओ मियाझाकी यांच्या ‘द विंड रायझेस’ (२०१३) या चित्रपटात १ सप्टेंबर १९२३चा कांतो भूकंप येतो. चादर झटकावी तशा घरांच्या रांगा उचलल्या जातात आणि जमिनीखालून एक हुंकार उठतो. तो माणसांच्या तोंडचा आहे. विमानांची इंजिनं, पंखे, आगगाडीची वाफ, हेही कंठातूनच काढलेलं. शिवाय सगळा ध्वनी मोनो.

चित्रातली वस्तू मुळात मुकी असते. कॅमेऱ्यापुढे दार आपटलं की धाडकन वाजतं. कागदावरचं दार कितीही जोरात आपटा, वाजत नाही. तिथला प्रत्येक आवाज कुणीतरी ठरवून घातलेला असतो. मग खऱ्या गडगडाटाऐवजी तोंडाने काढलेला भूकंप का घालावा, आणि तो खरा का वाटावा?

३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, मी सोलापुरात होते, शाळकरी वय. मांडणीवरची भांडी थरथरली आणि खालून काहीतरी आलं. सकाळी आजी शेजारणींना सांगत होती, “भुई घुमली गं.” आमच्याकडे अंगात आलेली बाई घुमते. मियाझाकींची जमीन तशीच घुमते, आणि मला तो हुंकार ओळखीचा वाटतो तो त्यामुळेच.

त्या प्रसंगाची, कर्णबधिर प्रेक्षकांसाठी असतात तशी मराठी उपशीर्षकं मी हौसेने करून पाहते आहे. ‘गडगडाट’ लिहिलं की ढग येतात. ‘हादरा’ लिहिलं की आवाजच जातो, आणि हादरा तर चित्रात दिसतोच आहे. मराठीत खळखळ, फडफड, करकर असे शब्द पोत्याने आहेत, पण ते वस्तूंचे. हा आवाज कुणाचा तरी आहे. मी ‘जमीन घुमते’ लिहिलं. एक अनुवादक मैत्रीण म्हणाली, “अगं, पुण्यामुंबईच्या पोरांना पारवा घुमतो एवढंच माहीत.” तिचं म्हणणं खोटं नाही. पण ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी तो हुंकार या दोन शब्दांएवढाच असणार. तिथे सोपा शब्द टाकून मोकळं व्हायला माझा हात धजत नाही.

इसाओ ताकाहातांची रीत निराळी. ‘ओन्ली यस्टर्डे’मध्ये (१९९१) मोठ्या ताएकोचे संवाद आधी ध्वनिमुद्रित झाले आणि त्यांबरहुकूम चेहरा काढला गेला, हसताना गालांवर पडणाऱ्या रेषांसकट. (त्या रेषा मला अजून पटलेल्या नाहीत. आवाज मात्र पूर्ण पटतो.)

फाइलमध्ये ‘जमीन घुमते’ तूर्त तसंच आहे. नंतरच्या धक्क्याला मी नुसतं ‘पुन्हा’ लिहिलं आहे.