आत्याबाई, मी आणि मंडईचे स्टेशन

मैत्रिणींनो, आमच्या बदनापूरला स्टेशन म्हटले की काय डोळ्यांसमोर येते सांगू? एक शांत फलाट, लिंबाची सावली आणि गाडीची वाट बघत निवांत बसलेली माणसे. जमिनीच्या पोटातली रेल्वे मी शाळेत फळ्यावर काढून मुलांना शिकवते, पण डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. खोटे कशाला बोलू!

गेल्या दिवाळीच्या सुटीत सासूबाईंना घेऊन पुण्याला वन्संकडे गेले. (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे.) बरोबर घरची पाच किलो तूरडाळ. पूर्वी आमच्याकडची एसटी शिवाजीनगरला उतरवायची. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते स्थानक वाकडेवाडीला हलवले. तेव्हा "जुनं पुणं कुठं गेलं गं?" इथूनच आत्याबाईंची सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जायचे ठरले. वन्संना कामावर जायचे होते, म्हणून आम्ही दोघीच. वन्संनी शिवाजीनगरला सोडले आणि सांगितले, "तिसरं स्टेशन मंडई. वर आलात की तुळशीबाग जवळच." जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला, तेव्हापासून पुण्यातल्या बायकांची मोठीच सोय झाली आहे. पेठांतल्या त्या गर्दीत रिक्षा मिळायची मारामार!

सरकत्या जिन्याची मात्र मला धास्ती. तुम्ही गेलात तर एक करा, निऱ्या चार बोटे वर खोचा, पदर कमरेला घ्या आणि कठडा धरून पाय ठेवा. वयस्क माणूस बरोबर असेल तर सरळ लिफ्ट शोधा. मी जिन्याशी घुटमळत होते, मागे रांग लागली, आणि आत्याबाई माझा हात धरून आधी चढल्या!

जिल्हा न्यायालयाचे स्टेशन ३३ मीटर खोल आहे. म्हणजे दहा मजली इमारत जमिनीत उलटी पुरल्यासारखीच की. तरी छतातून उजेड खाली येईल अशी रचना केली आहे. तिथून पुढे गाडी मुठा नदीच्या पात्राखालून कसबा पेठेत जाते. मी म्हटले, "आत्याबाई, आत्ता नदी आपल्या डोक्यावर आहे." त्यांनी वर, डब्याच्या छताकडे बघून हात जोडले. समोरच्या कॉलेजच्या पोरी हसल्या. मला उगीचच ओशाळल्यासारखे झाले.

मंडईत वर आलो तर समोर ती अष्टकोनी दगडी इमारत. इंग्रजी अमदानीत ती रे मार्केट म्हणून बांधली. गंमत बघा, तिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि आज नाव त्यांचेच आहे. तुळशीबागेचे वर्णन तुम्हाला काय सांगायचे! बांगड्या, पितळी समई, लेकीसाठी भातुकली. रामाचे दर्शन झाले आणि पिशव्या दोनाच्या चार झाल्या.

परतीला फलाटावर ही गर्दी. आत्याबाईंचे गुडघे दुखत होते, त्या मागे पडत होत्या. मी चार लोकांत खेकसले, "जरा चटचट चला ना, गाडी काय आपल्यासाठी थांबणार आहे?" गाडी आली, मी पिशव्यांसह आत शिरले आणि वळून बघते तो आत्याबाई निसटलेली चप्पल घालायला वाकलेल्या. दार मिटले.

काचेतून त्यांचा पांढरा अंबाडा दिसला, मग भिंत. त्यांच्याजवळ फोन नाही. अक्षरओळख सहीपुरती. वन्संचा पत्ता मलाच धड येत नव्हता. मंडई ते कसबा पेठ अंतर ते किती, पण माझ्या पायांतले त्राण गेले. ह्यांना काय सांगू? त्याहून जास्त टोचत होते ते माझेच शेवटचे वाक्य.

कसब्याला उतरून उलट दिशेची गाडी धरली. मंडईला दार उघडले तर आत्याबाई बाकावर बसलेल्या, शेजारी भाजीची पाटी घेतलेली एक बाई, आणि दोघी शेंगा सोलताहेत! मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? म्हनलं, पिशव्या तं तुह्यापाशी हायेत, येशीलच." मला रडूच फुटले. गणवेशातली मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, तीही मलाच.

घरी वन्संनी विचारले, "इतका उशीर का गं झाला?" माझा घास घशात अडकला. आत्याबाई वरणात भात कालवत म्हणाल्या, "मीच म्हनलं, जरा बसू. बाकडं लई गार व्हतं."

बदनापूरला आल्यावर पहिले काम केले. कापडाच्या पट्टीवर ह्यांचा, माझा आणि वन्संचा फोन नंबर भरतकामाच्या दोऱ्याने काढला आणि आत्याबाईंच्या बटव्यात आतून शिवला. पेनची शाई धुण्यात जाते, दोरा टिकतो. आत्याबाई शेजारी बसून बघत होत्या.

"तुह्या पर्सातबी एक शिव," म्हणाल्या. "मी तं जागेवरच व्हते. हरवली तू व्हतीस."