लोणावळ्याचे पंधरा दिवस

पुण्याहून लोणावळ्याचा प्रवास तो काय! आगगाडीनें अवघे ६४ किलोमीटर. तळेगांव, कामशेत, मळवली हीं स्टेशनें मागें पडतात न पडतात तोंच सुमारें २,००० फूट उंचीवरची गार हवा डब्यांत शिरूं लागते. परंतु गेल्या आषाढांत आम्ही निघालों तें धबधबे पाहण्यास नव्हे, कीं चिक्कीच्या मोहानेंही नव्हे. आमच्या वडील बंधूंच्या पोटाची तक्रार घेऊन आम्ही निघालों होतों.

पोटाची तक्रार म्हटलें कीं वाचक हंसतील. आमच्या घरीं मात्र ती हंसण्यावारी नेण्याजोगी राहिली नव्हती. सकाळीं अण्णांचें पोट साफ झालें नाहीं, कीं चहा पाणचट लागे, भाजी खारट लागे आणि मुलें जीव मुठींत धरून वावरत. बारा वर्षें रोज रात्रीं रेचक घेण्याचा परिपाठ. तरी डोकें जड आणि झोंप अर्धवट. चैत्रांत एका क्षुल्लक कारणावरून थोरल्या पुतण्याशीं त्यांचें असें वाजलें, कीं तो बायकोमुलांसह वेगळें बिऱ्हाड करून राहिला. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, माणूस वाईट नाहीं हो, पोट वाईट आहे. कांहीं तरी करा."

म्हणून आम्ही कैवल्यधाम गांठलें. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं स्थापिली. पूर्वाश्रमींचे ते जगन्नाथ गणेश गुणे. योगक्रियांना प्रयोगशाळेची कसोटी लावणाऱ्या आद्य मंडळींत त्यांची गणना होते. नवल हें, कीं त्यांनीं आरंभ समाधीपासून केला नाहीं, आंतड्यापासून केला. श्वास सोडून, पोट आंत ओढून, मधले स्नायू पुढें काढण्याची जी नौलि, तिच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, हें त्यांनीं दाबमापकानें मोजून दाखविलें. या अवस्थेस त्यांनीं आपले गुरु माधवदासजी यांचें नांव दिलें. १९२४ सालींच त्यांनीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें.

अण्णांची समजूत अशी, कीं गेल्याबरोबर आपणांस नौलि शिकवितील. परंतु डॉक्टरांनीं नुसते प्रश्नच विचारले. पाणी किती पितां? पालेभाजी किती? चालणें किती? जेवतांना कोणावर रागावतां? शेवटच्या प्रश्नाला अण्णा गप्प बसले.

या प्रश्नांमागें शास्त्र आहे. अन्नमार्गाच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशींचें स्वतंत्र जाळें असतें. व्हेगस नामक मज्जेंतून मेंदूकडून पोटाकडे जितके निरोप जातात, त्याहून पुष्कळ अधिक पोटाकडून मेंदूकडे येतात. मोठ्या आंतड्यांत असंख्य जंतूंची वस्ती असते. भाज्या, डाळी, कोंड्यासकट धान्य यांतला जो चोथा आपणांस पचत नाहीं, त्यावर ते जगतात, आणि त्यापासून आंतड्याच्या अस्तराचें पोषण करणारीं अम्लें तयार करतात. उलटपक्षीं, चिंता व राग यांनीं आंतड्यांची हालचाल बिघडते. रस्ता दुहेरी आहे.

पंधरा दिवस साधीं आसनें, दीर्घश्वसन, वेळेवर बेताचें जेवण, ताक आणि चालणें, एवढाच क्रम होता. रेचक डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू कमी केलें. चौथ्या दिवशीं अण्णांनीं परत जाण्यासाठीं पिशवी भरली होती; सातव्या दिवशीं ते पहांटेपर्यंत स्वस्थ झोंपले.

एका सायंकाळीं रिमझिम पावसांत फिरतांना आम्ही सहज म्हणालों, "अण्णा, तुमचें पोट ठीक असतें, तर चैत्रांतला तो प्रसंग टळला असता."

अण्णा थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "सगळें पोटावर किती ढकलूं? बोललों तो मीच." त्याच रात्रीं त्यांनीं पुतण्यास फोन केला. काय बोलले तें आम्ही विचारलें नाहीं.

अण्णा पूर्ण बरे झाले असें म्हणवत नाहीं. अधूनमधून जुनें दुखणें डोकें वर काढतें. पण आतां घरीं रात्रीचें जेवण साडेसातला होतें, पानांत पालेभाजी व ज्वारीची भाकरी असते, आणि जेवतांना कोणाचा हिशेब निघत नाहीं. पुतण्या वेगळाच राहतो. मात्र दर रविवारीं सहकुटुंब येतो आणि अण्णांच्या शेजारच्या पाटावर बसतो.

वाचकांस एकच विनंति. शौचावाटे रक्त जाणें, विनाकारण वजन घटणें किंवा शौचाची संवय एकाएकीं बदलणें, अशीं लक्षणें दिसतांच प्रथम डॉक्टरांस दाखवावें. तेथें घरगुती उपायांवर विसंबूं नये. परंतु घरांतील एखादें वडील माणूस नेहमींच चिडचिडें दिसत असेल, तर त्याच्या स्वभावास नांवें ठेवण्यापूर्वीं त्याच्या पोटाची विचारपूस अवश्य करावी. वहिनींनीं तेवढेंच केलें होतें.