बांधलेले पाय

रोगाचें कारण काय, हा प्रश्न दिसावयास एक असला तरी विचारणाराच्या मनांत त्याचे दोन अर्थ असतात. 'ह्यांत अपराध कोणाचा?' हा एक, आणि 'ह्यांतील कोणती गोष्ट आपणांस बदलतां येईल?' हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सांपडलें कीं माणसाचें समाधान होतें व तो स्वस्थ बसतो. दुसऱ्याचें उत्तर सांपडलें कीं त्याच्या मागें काम लागतें. म्हणूनच कीं काय, पहिल्या प्रश्नाची आवड जगांत फार आणि दुसऱ्याची थोडी. आफ्रिकेंतील एका रोगाचा इतिहास आम्ही गेलीं कांहीं वर्षें जमेल तसा वाचीत आलों आहों. आम्ही वैद्य नाहीं, आफ्रिकेसहि कधीं गेलों नाहीं. तथापि ह्या दोन प्रश्नांमधील अंतर त्या इतिहासानें आम्हांस जितकें स्पष्ट दाखविलें तितकें दुसऱ्या कशानेंहि दाखविलें नाहीं. त्याकडे आम्ही कां वळलों हें पुढें ओघानें येईलच.

ह्या रोगाचें नांव कोन्झो. कांगो देशांतील याका लोकांच्या भाषेंत ह्याचा अर्थ 'बांधलेले पाय' असा आहे. आणि इतकें नेमकें नांव वैद्यकाच्या कोशांत क्वचितच सांपडेल. काल धडधाकट असलेली बाई सकाळीं उठते, किंवा लांबचा पल्ला चालून येते, आणि तिचे दोन्ही पाय एकाएकीं ताठरतात. ताप नाहीं, बुद्धींत फरक नाहीं. पुढें चालतांना गुडघे एकमेकांवर आदळतात, टांचा भुईस लागत नाहींत. कोणी बिनकाठीचा लंगडत चालतो, कोणास एक किंवा दोन काठ्या लागतात, आणि कोणी जन्मभर जमिनीवरून सरपटतो. रोग होतो तेवढाच होतो. तो पुढें वाढत नाहीं, आणि बराहि होत नाहीं. त्याच्या तडाख्यांत मुख्यतः सांपडतात तीं तीन वर्षांपुढचीं मुलें आणि मुलें होण्याच्या वयांतील स्त्रिया. १९३८ सालीं ट्रोली नांवाच्या इटालियन डॉक्टरानें तेव्हांच्या बेल्जियन कांगोंतील अशा रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु पुढें बराच काळ बाहेरच्या जगानें त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

१९८१ सालीं मात्र तें द्यावें लागलें. मोझांबिक देश पोर्तुगीजांच्या सत्तेखालून १९७५ मध्यें सुटला होता. (हाच मुलूख १७५२ पर्यंत गोव्याहून चालविला जाई, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें.) त्याच्या उत्तरेकडील नांपुला प्रांतांत त्या वर्षीं अवर्षण पडलें, आणि पाहतां पाहतां एक हजारांहून अधिक माणसांचे पाय गेले. तेथील लोक ह्या रोगास मंताकासा म्हणूं लागले. नाकाला बंदराच्या जिल्ह्यांत त्या वेळीं हान्स रोस्लिंग हे स्वीडनचे तरुण डॉक्टर काम करीत होते. शेजारच्या मेंबा भागांतून त्यांच्याकडे वार्ता आली. हा रोग पुस्तकांत कोठें आढळेना. सांथ असेल काय? पोलिओचा नवा प्रकार असेल काय? देशांत लढाई चालू होती, तेव्हां विषप्रयोगाचीहि शंका आलीच.

ह्या टप्प्यावर जें घडलें तें रोस्लिंग ह्यांनीं पस्तीस वर्षें मनांत ठेविलें. २०१७ सालीं ते वारले, आणि पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकांतून तें जगापुढें आलें. रोग संसर्गजन्य असण्याची भीति सर्वांनाच होती. तेव्हां, उत्तरेकडून शहरांत येणारी बस शिपायांकरवीं अडवावी काय, असें नगराध्यक्षानें त्यांस विचारलें. कांहीं तरी केलें पाहिजे, असें म्हणून डॉक्टरांनीं रुकार दिला. पहांटे बाजारास निघालेल्या बाया मुलांना घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. बस येईना. माल तर विकला पाहिजे. म्हणून त्यांनीं कोळ्यांस विनवून लहान होड्यांतून समुद्राची वाट धरली. होड्या उलटल्या. बाया, मुलें, कोळी, सर्व बुडाले. आणि ज्या संसर्गाच्या धास्तीनें रस्ता बंद केला तो संसर्ग त्या रोगांत मुळींच नव्हता.

हा प्रसंग आम्हीं प्रथम वाचला तेव्हां पुस्तक मिटून ठेविलें होतें. त्या डॉक्टरांस दोष देणें सोपें आहे, आणि तें काम त्यांनीं आमच्यासाठीं शिल्लक ठेविलेलें नाहीं. आम्हांस त्यांत वेगळीच गोष्ट दिसते. भीतीच्या वेळीं 'कांहीं तरी' करणें हें कर्तव्य वाटूं लागतें. पण त्या 'कांहीं तरी'चें मोल जो अधिकारी हुकूम देतो तो भरीत नाहीं. ज्या बाईला आज बाजार गांठल्यावांचून घरीं चूल पेटवितां येत नाहीं ती भरते. रोगाच्या कारणांचा अभ्यास धिम्या पावलानें चालतो म्हणून त्याची थट्टा होते. त्या धिमेपणाची गरज कोणास असेल तर ह्याच बाईला.

शोधाअंती निघालेलें कारण असें. त्या भागाचें मुख्य अन्न कसावा नांवाचें कंद. पोर्तुगीजांनीं तें ब्राझीलहून आफ्रिकेंत नेलें. त्याच्या कडू जातींत लिनामारिन नांवाचें द्रव्य असतें, आणि कंद चिरला, किसला वा कुटला कीं त्यापासून सायनाइडचें जहर सुटतें. अवर्षणांत कंदांतील विष वाढतें. हें विष मारावयास शरीरास गंधक लागतें, आणि तें कडधान्य, मासळी, मांस ह्यांतील प्रथिनांमधून मिळतें. ज्याच्या ताटांत आठवडेच्या आठवडे कसाव्याच्या पिठावांचून दुसरें कांहींच नाहीं, त्याच्या शरीरांत विष रोज येतें आणि उतारा कधींच येत नाहीं. मोझांबिकांत काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर जूली क्लिफ, रोस्लिंग आणि त्यांचे मोझांबिकी सहकारी ह्यांनीं हीं कारणें एकेक करून जुळविलीं. रोस्लिंग ह्यांनीं १९८६ सालीं उप्साला येथें आपला प्रबंधहि ह्याच विषयावर दिला.

आतां वाचक म्हणतील, विषारी कंद लावतातच कशाला? हाच तो पहिला प्रश्न, शहाण्याचें सोंग घेऊन आलेला. कडू कसावा निकस जमिनींत येतो, पावसावांचून तग धरतो, आणि कडू असल्यामुळें जनावरें व चोर दोघेहि त्यापासून दूर राहतात. मलावींतील शेतकरी स्त्रियांनीं संशोधकांस हीं कारणें स्वच्छ सांगितलीं आहेत. विषाची माहिती त्यांना नाहीं असें तर मुळींच नाहीं. कांगोंत कंद तीन दिवस पाण्यांत भिजत घालतात. नांपुलांत सोलून कित्येक दिवस उन्हांत वाळवितात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें हें रसायनशास्त्रच आहे, आणि तें सर्वस्वी बायकांच्या हातांत आहे. तें फसतें केव्हां? घरांत दुसरा दाणा उरला नाहीं, म्हणजे वाळण्याची वाट पाहण्यास सवड नसते तेव्हां. लढाईनें शेत आणि रान दोन्ही तोडलीं जातात तेव्हां. १९९२-९३ मध्यें नांपुलांत लढाईच्या शेवटीं हा रोग पुन्हां उसळला. आणि आणखीहि एका वेळीं, जिचें आम्हांस सर्वांत नवल वाटलें. कांगोंतील बांदुंदु भागांत किन्शासाकडे जाणारी पक्की सडक झाली. कसाव्यास शहरांत गिऱ्हाईक मिळालें, व्यापारी माल मागूं लागले, तेव्हां तीन दिवसांचें भिजवणें एका दिवसावर आलें. आणि ज्यांनीं विकलें त्यांच्याच घरांत पाय बांधले गेले. रस्ता तोडल्यानें माणसें मेलीं आणि रस्ता केल्यानें माणसें अधू झालीं, ह्या दोन गोष्टी एकाच रोगाच्या इतिहासांत शेजारीं शेजारीं आहेत. ह्यावरून रस्ते वाईट असें कोणी समजूं नये. समजावयाचें तें इतकेंच कीं रोगाचें कारण केवळ कंदांत नसतें. कंद, पाऊस, बाजार, लढाई आणि ताटांतील दुसरा पदार्थ ह्यांची जी गांठ पडते, तींत तें असतें.

हें सर्व आम्हांस इतकें जवळचें कां वाटावें? आमचें आजोळ भंडारा जिल्ह्यांतलें. आमच्या लहानपणीं तेथें दोन काठ्यांवर चालणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे पाय लाखोळीच्या डाळीनें गेले होते. दुष्काळांत दुसरें कांहीं पिकत नाहीं तेव्हां हें धान्य पिकतें, आणि महिनोन् महिने त्यावरच राहणाऱ्याचे पाय तें ताठर करून टाकतें. विल्यम स्लीमन ह्यांनीं १८४४ सालच्या आपल्या प्रवासवर्णनांत सागर भागांतील असे लोक नोंदविले आहेत, आणि त्यांतील विष १९६४ सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें काढून दाखविलें. आजोळीं मात्र दोनच उपपत्ती चालत: कोणी म्हणे करणी झाली, कोणी म्हणे खाऊं नये तें खाल्लें. एकदां मामांनीं त्यांना सहज विचारलें, "बाबाजी, लाखोळीनं पाय जातात हें तुम्हांस ठाऊक नव्हतं का?" म्हातारबाबा हंसले आणि म्हणाले, "ठाऊक होतं ना जी. पन त्या सालीं दुसरं होतं काय खायाले?"

ह्या एका वाक्यांत नांपुला, बांदुंदु आणि भंडारा एकत्र येतात. ज्ञान होतें, निवड नव्हती. आपल्याकडे १९६१ सालीं लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. हेतु चांगला होता. पण ज्याच्या बांधावर तीच उगवते आणि ज्याला विकत घेण्याची ऐपतच नाहीं, त्याच्या ताटापर्यंत विक्रीची बंदी पोंचणार कशी? पुढें हा रोग उतरला तो मुख्यत्वें ताटांत दुसरीं धान्यें आलीं म्हणून, असें आम्हांस वाटतें.

कसाव्याशीं आपला संबंध तर ह्याहूनहि जवळचा आहे. आपण एकादशीस जो साबुदाणा खातों तो तमिळनाडूंतील सेलमकडे ह्याच कंदापासून होतो. हें आम्हीं घरीं सांगितलें तेव्हां वहिनी हातांतली परात खालीं ठेवून म्हणाल्या, "अगबाई! मग भाऊजी, त्यांतलं तें विष जातं कुठं?" आम्हीं सांगितलें कीं कंद सोलून, वाटून, पुष्कळ पाण्यानें धुवून त्याचें सत्त्व काढतात, आणि विष पाण्याबरोबर निघून जातें. त्यांचें समाधान झालें. आमचें मात्र मन त्या प्रश्नावरच राहिलें. इतकी विद्वत्ता वाचूनहि जो प्रश्न आम्हांस इतक्या नेमकेपणानें मांडतां आला नव्हता तो स्वयंपाकघरांतून सहज आला: विष जातें कुठें, आणि तें घालवावयाचें कसें?

कॅनबरा येथील हॉवर्ड ब्रॅडबरी ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं हाच प्रश्न धरून ठेविला. त्यांनीं काढलेली तोड अशी: कसाव्याचें पीठ पाण्यांत कालवावें, चटईवर पातळ थर देऊन पसरावें आणि दोन तास उन्हांत ठेवावें; ऊन नसेल तर पांच तास सावलींत. उरलेलें विष वायुरूपानें उडून जातें. मग त्याच पिठाचें नेहमींचें अन्न त्याच संध्याकाळीं शिजवावें. पिठांत विष किती आहे हें पाहण्यास त्यांनीं रंग पालटणाऱ्या कागदाची साधी कसोटीहि करून दिली. कांगोचे डॉक्टर बानेआ आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० पासून पोपोकाबाका भागांतील काय कालेंगे ह्या गांवीं बायकांना ही रीत शिकविली, आणि त्या प्रयोगाच्या काळांत तेथें कोन्झोचा एकहि नवा रोगी झाला नाहीं. पाणी, चटई आणि ऊन. खर्चाचें नांव नाहीं.

ह्या तोडीनें सर्व झालें असें म्हणणें धाडसाचें होईल. ऊन विष घालवितें, पण ताटांत कडधान्य वाढीत नाहीं. आणि कांगोंत व इतरत्रहि अजून अशीं गांवें आहेत जेथें ही चटई पसरली गेली नाहीं व जेथें ह्या वर्षीं कोणा मुलाचे पाय बांधले जातील. परंतु रोगाच्या कारणांचा शोध करणाऱ्या शास्त्राची खरी परीक्षा कोणती, हें त्या पिठानें आम्हांस शिकविलें. कारणांची यादी किती लांब झाली ह्यावर ती होत नाहीं. त्या यादींतील एखादें तरी कारण असें निघालें पाहिजे कीं जें, दुसरें कांहीं खावयास नसलेल्या बाईला, आहे त्या वेळांत, आहे त्या सामानानें, आपल्या हातांनीं दूर करतां येईल. तेवढें सांपडेपर्यंत शोध पुरा झाला असें म्हणूं नये, आणि तेवढें सांपडल्यावर तें तिच्या दारापर्यंत पोंचविणें हें शोधाचेंच काम समजावें.