सैलान्याचे काटे आणि आईची पानफुटी

इंदूरहून रतलामला जावे आणि तेथून आणखी सुमारे २० किलोमीटर गेले की सैलाना येते. एकेकाळचे हे लहानसे संस्थान. राजवाड्याच्या आवारातील निवडुंगांच्या बागेमुळे आजही त्याचे नाव निघते. गेल्या माघात आम्ही उभयता तेथे गेलो, ते केवळ सहलीसाठी नव्हे. आईच्या पश्चात तिची पानफुटीची कुंडी आमच्या गच्चीत आली होती आणि ती आमच्या डोळ्यांदेखत कुजत चालली होती.

खांबासारखे उभे, नारळाएवढे वाटोळे, पांढरी लव पांघरलेले असे निवडुंगांचे नाना अवतार तेथे पाहिले. गंमत अशी की, आपल्या शेताच्या कुंपणावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. आणि आपला त्रिधारी निवडुंग नावापुरताच निवडुंग, त्याचे कूळ एरंडाचे! मोडल्यावर दुधासारखा चीक येतो, ती त्याची खूण.

आम्ही एका वृद्ध माळ्याला कुंडीची हकीकत सांगितली. "पानी कितना देते हो?" त्याने विचारले. "रोज," आम्ही अभिमानाने म्हणालो. त्याने काही न बोलता एक कुंडी आमच्या हाती दिली. ती अगदी हलकी होती. "इतनी हल्की हो जाए, तब."

स्नानानंतर तुळशीला तांब्याभर पाणी घालण्याचा आमच्या घरचा परिपाठ. त्याच हाताने, त्याच भक्तीने आम्ही पानफुटीलाही रोज पाणी घालत होतो. त्यात कुंडीत भरलेली माळव्याची काळी माती! कपाशीला ती वरदान. पण पाणी धरून ठेवणारी ही माती मांसल झाडांच्या मुळांचा श्वास कोंडते.

या झाडांची रीतच निराळी. ती पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याची साखर करतात. म्हणून पाणी फार थोडे उडून जाते. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात पानफुटीचे पान चाखून पाहिले आणि ते सकाळी आंबट, दुपारी बेचव लागते, असे १८१३ मध्ये लंडनला कळवले. आम्हीही चाखून पाहिले; सकाळचा आंबटपणा खरा. (सौभाग्यवतींनी मात्र हा प्रयोग नाकारला.)

घरी येताच कुंडी उपटली. मुळे काळी पडून लिबलिबीत झाली होती, खोडही वाचण्यासारखे नव्हते. दोन पाने तेवढी टणक होती. तळाच्या छिद्रावर खापरी ठेवून वाळू, विटांचा चुरा व थोडे जुने शेणखत यांचे मिश्रण भरले आणि पाने त्यावर नुसती ठेवली. कुंडी सकाळच्या उन्हात, पण पावसाच्या माऱ्यापासून दूर असावी. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पावसाळ्यात व थंडीत त्याहून कितीतरी उशिरा, बोटभर माती कोरडी लागल्यावरच पाणी. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा.

त्या रात्री सौभाग्यवतींना आठवले की, आई पानफुटीला तांब्यातले पाणी कधी घालतच नसे. तुळशीची प्रदक्षिणा झाल्यावर हाताची ओली बोटे तेवढी ती त्या कुंडीवर झटकी. वीस वर्षे आम्ही हे पाहत आलो होतो.

चैत्रात एका पानाच्या कडेला खाचेतून मोहरीएवढा कोंब आला. आता तांब्या घेऊन गच्चीत जाताना आम्ही प्रथम ती कुंडी उचलून पाहतो.