रातांब्याच्या सावलीत

ऑफिसच्या कँटीनमधलं कोकम सरबत आपण घटाघटा पितो, पण त्याचं झाड कधी पाहिलंय? मीही पाहिलं नव्हतं. मे महिन्यात कुडाळजवळ एका परसात थांबले, तर समोर लोंबत्या फांद्यांचं गर्द झाड आणि खाली लालजांभळ्या रातांब्यांचा सडा. काकू सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकत होत्या. त्यांची होणार आमसुलं, बियांचं मुटेल. भेगाळलेल्या टाचांना एकदम बेस्ट!

शेजारच्या झाडाला मात्र एकही फळ नाही.

‘‘तो नर,’’ काका म्हणाले. ‘‘बी लावलंस तर निम्मे नर निघतत. कळूक सात-आठ वर्सां जातत.’’

सात वर्षं! तेवढ्यात आपण तीन नोकऱ्या बदलतो. म्हणून आता कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ त्यातलीच. त्यातही मेख आहे. काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची हवी, आडव्या फांदीची घेतली तर झाड आडवंच पसरतं.

मग हा नर तोडत का नाही? वडिलांनी लावलाय, म्हणाले. एवढ्यात आभाळ भरून आलं आणि काकू सालं गोळा करायला धावल्या. मागोमाग मीही.