खालाचा फोटो

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद झाली आणि दुसऱ्याच दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. माझी खाला तिथं राहते. फोन लागत नव्हता. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला: पत्र्यावर बसलेली खाला, नखशिखांत भिजलेली, डोक्यावर ओढणी नाही. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. खाला हयात आहे, या आनंदात मीही तो चार ग्रुपांवर पाठवून दिला.

आठवड्यानं चिखल उपसायला गेलो. चहाचा कप हातात देत खाला म्हणाली, "बेटा, पाणी ओसरलं, पण तो फोटो काही ओसरत नाही. बाजारात जो भेटतो तो म्हणतो, तुम्हाला पाहिलं." मी मान खाली घालून चहा पीत राहिलो.

मग फोटो काढूच नयेत का? तसंही म्हणवत नाही. चिपळूणची दैना लोकांनी डोळ्यांनी पाहिली, म्हणूनच गावोगावहून पाणी आणि चादरी आल्या. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. तो आकडा माझ्या मनात शिरलाच नाही. शिरला तो एक फोटो. ढिगाऱ्यावर बसलेला बाप, आणि गादीवरून बाहेर आलेला, त्यानं घट्ट धरलेला मृत लेकीचा हात. तो टिपणारे एएफपीचे आदेम आल्तान यांनी पुढे सांगितलं, की माझ्या मुलीचे फोटो काढा, असं त्या बापानंच त्यांना म्हटलं होतं.

फरक इथं आहे. त्या बापाला आपलं दुःख जगाला दाखवायचं होतं. खालाला कुणी विचारलंच नाही. मय्यतीला गुस्ल देतानाही आपण तिच्या अंगावरची चादर दूर करत नाही. मग जिवंत माणसाची लाज आपण एका बोटानं कशी उघडी टाकतो? आणि रडका चेहरा चिकटवला की आपलं कर्तव्य संपलं, असं वाटून पुढच्या व्हिडिओकडे कसे वळतो?

गेल्या ईदला धीर करून खालाला सांगितलं, "तो फोटो मीही पाठवला होता."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यातल्या एका ग्रुपात मीही आहे."

आणि तिनं शीरखुर्म्याची वाटी पुढे केली.