देवाच्या शिडीखालची वाइन

स्पेनची वाइन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं : रियोहा. ड्यूटी फ्रीच्या रॅकवर तीच, हॉटेलच्या वाइन लिस्टमध्येही तीच. पण स्पेनमध्ये वाइनचा सर्वांत वरचा सरकारी दर्जा फक्त दोन भागांना मिळालाय. त्यातलं एक रियोहा. दुसरं आहे कॅटलोनियातलं प्रिओरात. बार्सिलोनाहून गाडीने साधारण दोन तास. गर्दी जवळपास नाही, रस्ते वळणावळणाचे, आणि शेवटच्या वळणावर एका पडक्या मठाच्या सावलीत वसलेली स्काला देई ही वायनरी. बार्सिलोनात गाउदी बघून, तापास खाऊन झालं असेल आणि हातात एक दिवस उरला असेल, तर तो इथे घालवा.

शिडी, देवदूत आणि जहागीर

स्काला देई म्हणजे देवाची शिडी. गोष्ट अशी सांगतात, की मोंसांत डोंगराच्या पायथ्याशी एका मेंढपाळाला पाइनच्या झाडाला टेकवलेली शिडी दिसली आणि तिच्यावरून देवदूत आभाळात ये-जा करत होते. जागा शोधत आलेल्या कार्थुसियन साधूंना त्याने हे सांगितलं. मग काय, जागा ठरली! ११९४ साली आरागॉनचा राजा दुसरा अल्फोन्सो याच्या आश्रयाने इथे मठ उभा राहिला. या पंथाचा संपूर्ण स्पेन-पोर्तुगालमधला हा पहिला मठ.

कार्थुसियन म्हणजे ख्रिस्ती पंथांमधले सर्वांत कडक. मांसाहार कायमचा बंद, बोलणं जवळपास बंद. प्रत्येक साधूला स्वतंत्र छोटं घर, मागे चिमुकली बाग. जेवण दाराशेजारच्या खिडकीतून आत सरकवलं जायचं, म्हणजे वाढणाऱ्याचं तोंडही दिसायला नको. दिवस जायचा प्रार्थना, वाचन आणि हस्तकलेत. शेती, गुरं, हिशेब, वाइन हे सगळं बघायला वेगळे सेवक-बंधू होते. ते मठापासून थोड्या अंतरावर राहायचे.

इथवर वाचून हे सगळं फारच सात्त्विक वाटेल. पण या शांततेचा खर्च कोणीतरी भागवत होतंच. आसपासच्या गावांवर मठाच्या प्रमुखाची, म्हणजे प्रायरची सत्ता होती. त्यावरूनच या भागाचं नाव पडलं प्रिओरात. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खा मुलूख म्हणजे देवस्थानची इनाम जमीन. शेतकऱ्यांनी राबायचं आणि पिकाचा वाटा मठात आणून टाकायचा. द्राक्षशेतीची विद्या साधूंनी दिली, असं इथे अभिमानाने सांगतात. शेतसारा कोणी घेतला, तेही विसरू नये.

गावकऱ्यांनीच पाडलेला मठ

१८३५ मध्ये हिशेब चुकता झाला. स्पेनचा तेव्हाचा पंतप्रधान मेंदिसाबाल याने मठांच्या जमिनी सरकारजमा करून लिलावात काढायला सुरुवात केली. साधूंना मठ सोडावा लागला. ते गेले आणि मठ लुटला गेला, जाळला गेला. दारं, तुळया, घडीव दगड, जे हाती लागेल ते लोकांनी नेलं. सहाशे चाळीस वर्षं ज्यांच्या घामावर ही इमारत उभी होती, त्यांच्याच घरांच्या भिंतीत ती जाऊन बसली.

आज तुम्ही इथे फिरता तेव्हा छत नसलेलं चर्च, वाढत वाढत तीन झालेल्या चौकांचे अवशेष आणि मोडक्या कमानींतून दिसणारे मोंसांतचे तांबूस-करडे कडे, एवढंच समोर असतं. एक खोली मात्र मूळ रूपात पुन्हा बांधली आहे. आवर्जून आत जा. झोपायची जागा, प्रार्थनेची जागा, लिहायचं टेबल, बाग. मुंबईतल्या वन बीएचकेपेक्षा ऐसपैस! फरक एवढाच, की इथे एकदा शिरलेला माणूस आयुष्यभर राहायचा आणि शेजाऱ्याशी गप्पा नाहीत.

अन् वाइन कुठे आहे?

वाइन आहे खालच्या वस्तीत. सेवक-बंधू जिथे राहायचे, कोठारं सांभाळायचे, त्या इमारतींभोवतीच आजचं एस्कालादेई नावाचं इवलंसं गाव आहे. १८४३ मध्ये काही कुटुंबांनी मठाची इथली मालमत्ता विकत घेतली आणि द्राक्षमळे चालू ठेवले. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात इथल्या वाइनला पदकही मिळालं.

आणि मग फिलोक्झेरा आला. वेलींची मुळं खाणारी ही सूक्ष्म कीड फ्रान्स उद्ध्वस्त करून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रिओरातला पोचली. डोंगरउतारांवरचे मळेच्या मळे वाळले. कोणी बार्सिलोनाला गेलं, कोणी गिरण्यांमध्ये. जे राहिले त्यांनी पुन्हा वेली लावल्या खऱ्या, पण वाइन सुटी, पिंपाच्या भावाने विकली जायची. तिच्यावर ना गावाचं नाव ना मळ्याचं.

म्हणून १९७४ या सालाला इथे मान आहे. त्या वर्षीच्या द्राक्षांपासून सेयेर्स दे स्काला देईने स्वतःच्या लेबलची वाइन बाटलीबंद केली. प्रिओरातच्या पुनरागमनातली ही पहिली पायरी. पुढे १९८९ च्या सुमारास शेजारच्या ग्राताल्योप्स गावात रेने बार्बिये, आल्वारो पालासियोस आणि त्यांचे मित्र जमले, आणि दहा-पंधरा वर्षांत प्रिओरातची बाटली न्यूयॉर्क-लंडनच्या लिस्टमध्ये जाऊन बसली. २००० साली कोडोर्निऊ या कावावाल्या ग्रुपने स्काला देईत हिस्सा घेतला.

पाटीवर लिहिलेली चव

वायनरी टूरमध्ये पिंपं, तळघर, टेस्टिंग हे सगळं असतंच. नाशिकला सुलात गेला असाल तर तो क्रम तुमच्या ओळखीचा आहे. इथलं वेगळेपण पायाखाली आहे. या मातीला ल्यिकोरेया म्हणतात. माती कसली, काळपट पाटीच्या दगडाचे पापुद्रे! आपल्या शाळेतल्या पाटीसारखाच दगड, अभ्रकामुळे उन्हात चमचमणारा. पाणी धरून ठेवत नाही, दिवसभर तापतो. वेलीला जगायचं तर मुळं फटींमधून कित्येक मीटर खोल घालावी लागतात. साहजिकच फळ कमी धरतं. नियमाने हेक्टरी ६००० किलोपर्यंत द्राक्षं काढता येतात, जुन्या मळ्यांत त्याच्या आसपासही कोणी पोचत नाही. चढ एवढा की काही ठिकाणी ट्रॅक्टर चढत नाही, खेचर लागतं. तोडणी हातानेच.

द्राक्षं मुख्यतः दोन. गार्नाचा आणि कारिन्येना. वाइन दाट, दमदार, अल्कोहोल चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात. स्काला देईची ख्याती गार्नाचाची. त्यांचे काही मळे ६०० मीटरहून उंच आहेत, तिथे रात्री गार असतात. त्यामुळे वाइनमध्ये ताकद असूनही एक ताजेपणा राहतो. पिकलेली लाल फळं, थोडी रानातली रोझमेरी आणि शेवटी जिभेवर दगडाचा कोरडेपणा. एका घोटात संपवायची ही चीज नव्हे.

ही उंची आता चवीपुरती राहिलेली नाही. २०२१ ते २०२४ कॅटलोनियाने भीषण दुष्काळ पाहिला. प्रिओरातचे बहुतेक जुने मळे पावसावरच. पीक घसरलं, कित्येक वेली वाळून गेल्या. २०२५ च्या वसंतात पाऊस परतला, पण काळजी परतीच्या वाटेवर नाही. अख्ख्या प्रिओरात तालुक्याची वस्ती दहा हजारांहून कमी आहे. एकदा किडीने गावं रिकामी केलेली या लोकांनी आजोबांकडून ऐकली आहेत. तेव्हा बाटलीची किंमत बघून भुवया उंचावल्या, तर ती भरणारं घर अजून गावात टिकून आहे, हेही त्या किमतीत धरा.

जायचंय?

कसं : बार्सिलोनाहून कार भाड्याने घेणं सोपं. ट्रेनने मार्सा-फाल्सेतपर्यंत जाता येतं, पुढे टॅक्सी. पिऊन गाडी चालवायची नाही. स्पॅनिश पोलीस या बाबतीत अजिबात दयाळू नाहीत. ग्रुपमधला एक जण आधीच ठरवा. टेस्टिंगमध्ये चव घेऊन थुंकणं हा असभ्यपणा नाही, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं.

कधी : मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये पाटीचा दगड अक्षरशः तवा होतो. मठाच्या वेळा आणि वायनरीचं बुकिंग आधी ऑनलाइन बघा.

खायला : शाकाहारींनी घाबरू नये. एस्कालिवादा मागा. भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, वर सिउराना भागातलं ऑलिव्ह ऑइल. आपल्या भरताची चुलत बहीणच! सोबत टोमॅटो चोळलेला पाव.

वाटेत : फाल्सेतची सहकारी वायनरी. गाउदीचा शिष्य सेसार मार्तिनेल याने १९१९ मध्ये बांधलेली, लोक तिला वाइनचं कॅथेड्रलच म्हणतात. परतताना तारागोनात थांबा. फ्रान्समधून १९०३ मध्ये हाकलले गेलेले कार्थुसियन साधू शार्त्रूझ हे त्यांचं हिरवं लिकर १९८९ पर्यंत या शहरात बनवत होते.